काळजी घेणं वेगळं, काळजी करणं वेगळं

मागे एकदा याच सदरात धान्याच्या साठवणीबद्दल लिहिलं होतं. गहू कडकडीत उन्हात वाळवावेत, डब्यात कडुनिंबाचा पाला घालावा, तूरडाळीला एरंडेलाचा हात लावावा, वगैरे. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या एका पत्राने मात्र मला दोन दिवस स्वस्थ बसू दिलं नाही. नाव-गाव सांगत नाही, कारण तसं तिनेच कळवलं आहे. ती लिहिते, "ताई, डबे तुम्ही सांगितलेत तसे भरून ठेवले. पण मन कसं ठेवायचं ते सांगा. मुलगी क्लासहून पाच मिनिटं उशिरा आली की पोटात गोळा येतो. रात्री तीनला जाग येते ती येतेच. घरचे म्हणतात, सगळं चांगलं चाललंय, मग तुला झालंय काय? मलाही तेच कळत नाही."

हे पत्र वाचलं आणि वाटलं, अगं, हे तर माझंच अक्षर!

मी काही डॉक्टर नाही. मराठी विषय घेऊन बी.ए. झालेली, घर सांभाळून शाळेत अर्धा दिवस पाचवी-सहावीला शिकवणारी बाई. पण या वाटेने मी स्वतः जाऊन आले आहे. म्हणून आज डबे-बरण्या बाजूला ठेवून थोडं मनाबद्दल बोलू.

आम्ही सांगलीचे. २०१९ च्या ऑगस्टातला कृष्णेचा पूर तुम्हाला आठवत असेल. तेव्हा मी दिवसरात्र आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी विचारत होते. ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी. पाणी ती ओलांडून वर चढत राहिलं. आम्ही धान्य, कागदपत्रं, औषधं माळ्यावर चढवली आणि सासूबाईंना नणंदेकडे पोचवलं. सगळे म्हणाले, हिने वेळेवर काळजी केली म्हणून निभावलं.

पूर ओसरला. माझी काळजी काही ओसरली नाही. खरं तर स्वभाव आधीपासूनचाच, पण आता त्याला धरबंध उरला नाही. नोव्हेंबरात आभाळ निरभ्र असतानाही मी पाणीपातळी बघत असे. हे रोज तासगावहून मोटारसायकलने येतात. सात वाजून गेले की माझे फोन सुरू. गॅसचं बटण तीन-तीनदा बघायचं. मुलाला साधा ताप आला तरी थेट मोठ्या आजारापर्यंत विचार जायचा. खांदे सतत आखडलेले, दात आवळलेले. दूध समोर ठेवून उतू जायचं. शाळेत मुलं काही विचारत आणि मी भलतंच उत्तर देई. वर चिडचिड वेगळीच.

डॉक्टर केले. कार्डिओग्राम झाला, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल! एक डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला काही झालेलं नाही. मन कशात तरी रमवा." आता मन रमवता आलं असतं तर मी त्यांच्याकडे कशाला गेले असते?

मग एका संध्याकाळी यांचा फोन लागेना. मी ऑफिसात फोन केला, यांच्या मित्राला केला, दिरांना केला. माझ्या येरझाऱ्या चालू. आमचा चिरंजीव तेव्हा नऊ वर्षांचा. अभ्यासाच्या वहीतून मान वर करून त्याने अगदी शांतपणे विचारलं, "आई, बाबा मेले का?"

हे अर्ध्या तासाने आले. टायर पंक्चर झाला होता. पण मैत्रिणींनो, तो प्रश्न माझ्या घरातून गेला नाही. पुढच्याच महिन्यात शाळेची पन्हाळ्याची सहल होती. मुलाने जायचं नाकारलं. म्हणाला, "तिथं मला काही झालं तर तुझं काय होईल?" तेव्हा माझे डोळे उघडले. जी काळजी मी त्याच्यासाठी करतेय असं समजत होते, ती मी त्याच्याच खांद्यावर ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी आधी थायरॉइड तपासला. थायरॉइड वाढला तरी छाती धडधडते, झोप उडते, म्हणून. तो ठीक निघाल्यावर त्यांनी मानसोपचाराची चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी मी आठ दिवस पर्समध्ये दडवून ठेवली. लोक काय म्हणतील! शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "गुडघा दुखला तर मी दाखवतेच ना? मग मन दुखलं तर का दाखवू नये? चल, मी येते बरोबर."

तिथे कळलं की याला नाव आहे. जनरलाइज्ड अँग्झायटी, म्हणजे एका गोष्टीची नाही तर सगळ्याच गोष्टींची चिंता. सहा महिने किंवा जास्त काळ, बहुतेक दिवस चिंता, आवरू म्हटलं तरी न आवरणारी. सोबत अस्वस्थपणा, थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं, अंग आखडणं, झोपेची तक्रार. पुरुषांच्या सुमारे दुप्पट बायकांना हा त्रास होतो. म्हणजे मी एकटी नव्हते. नुसतं हे ऐकूनच निम्मा भार उतरला.

त्यावरच्या उपचाराला इंग्रजीत कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी किंवा नुसतं सीबीटी म्हणतात. आपण सोपं करून विचार-वर्तन उपचार म्हणू. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या डॉ. एरन बेक यांनी १९६० च्या दशकात हा उपचार घडवला. रुग्णांच्या मनात आपोआप, क्षणात काही विचार येऊन जातात आणि पुढची भावना त्या विचारामागून येते, हे त्यांनी हेरलं. त्यांच्या थोडं आधी, १९५५ च्या सुमारास, न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनीही याच दिशेने स्वतःची पद्धत काढली. ती विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून आपल्याकडे आणण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. सांगायचा मुद्दा हा, की ही काही कालची टूम नाही. साधारण बारा ते पंधरा आठवडे, आठवड्यातून एकदा तासभर बसायचं आणि मधल्या दिवसांत घरी अभ्यास करायचा. हो, गृहपाठ असतो! मी आयुष्यभर मुलांना दिला, आता मला मिळाला.

पहिल्याच दिवशी मानसशास्त्रज्ञ बाईंनी मला विचारलं, "काळजी घेणं आणि काळजी करणं यांत फरक काय?" मी मराठीची शिक्षिका, पण गप्प झाले. आपल्या भाषेत शब्द एकच, म्हणून आपण दोन्ही एकच समजतो. पुरात धान्य माळ्यावर चढवलं ती काळजी घेणं. नोव्हेंबरात पातळी बघत बसले ती काळजी करणं. पहिल्यात हात हलतात आणि काम संपलं की काळजी संपते. दुसऱ्यात फक्त मन फिरत राहतं, आणि त्याला शेवट नसतो. माझा सगळा उपचार या दोन शब्दांमधला फरक रोजच्या जगण्यात ओळखण्याचाच होता.

आता गृहपाठ सांगते. तुम्हालाही करून बघता येईल असा.

पहिली गोष्ट, वही. साधी शंभर पानी. भीती दाटली की लिहायचं. काय घडलं, मनात नेमका कोणता विचार आला, आणि शंभरपैकी भीती किती. मग त्या विचाराच्या बाजूने पुरावा काय आणि विरुद्ध काय. माझं एक पान इथे उतरवते. घडलं काय? सात वीस झाले, हे आले नाहीत, फोन लागत नाही. विचार? अपघात झाला. भीती? ९०. बाजूचा पुरावा? उशीर, फोन बंद. विरुद्ध पुरावा? महिन्यातून चार-पाचदा उशीर होतोच. वाटेत रेंज जाते. उसाचा हंगाम आहे, ट्रॉल्यांमागे गाड्या अडकतात. दर वेळी सुखरूप आले आहेत. मग नवा विचार: "उशीर झालाय. कारण मला माहीत नाही. साडेआठपर्यंत वाट बघीन, मग ऑफिसात एकच फोन करीन." आता भीती? ५०.

मी बाईंना म्हटलं, "शून्य कुठे झाली?" त्या हसल्या. "शून्य व्हायला तुम्ही काय दगड आहात? पन्नासवर स्वयंपाक करता येतो ना? मग झालं." इथे एक लक्षात घ्या. "सगळं छान होईल" असं मनाला बजावणं म्हणजे हा उपचार नव्हे. तसं बजावलेलं मनाला पटत नाही. खरं काय ते तपासायचं, इतकंच.

दुसरी गोष्ट, भाकितांचा हिशेब. जी जी भीती वाटेल ती तारखेनिशी लिहायची आणि पुढे काय झालं तेही लिहायचं. दोन आठवड्यांत माझी तेवीस भाकितं झाली. खरी ठरली दोन. एक, पाहुणे आले आणि गॅस संपला. दोन, सासूबाईंचा रक्तदाब वाढला. दोन्हीतून वाट निघाली. शेजारून सिलिंडर आलं, गोळी बदलून मिळाली. म्हणजे मी दोनदा चुकत होते. वाईट घडेल हे फार मोजत होते आणि घडलंच तर निभावून नेण्याची माझी ताकद फार कमी मोजत होते. पुढे कळलं, असा हिशेब अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनीही केला. २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. हाच त्रास असलेल्या २९ जणांना त्यांनी आपल्या काळज्या नोंदवायला लावल्या, तर शंभरातल्या नव्वदाहून जास्त खऱ्या ठरल्या नाहीत.

तिसरी गोष्ट ऐकून तुम्ही हसाल. काळजीची वेळ ठरवायची! टॉमस बोर्कोव्हेक यांनी सहकाऱ्यांसह १९८३ मध्ये हा उपाय मांडला. रोज एकाच वेळी, एकाच जागी अर्धा तास काळजीला द्यायचा. दिवसभरात काळजी आली की चिठ्ठीवर दोन शब्द लिहायचे आणि म्हणायचं, "बाई गं, साडेपाचला ये." माझी जागा मागच्या दारातली पायरी. अंथरुणात मात्र नाही, आणि निजायच्या आधीही नाही. त्या वेळी चिठ्ठी वाचायची आणि प्रत्येक काळजीला विचारायचं, "तुझ्यासाठी मला आज काही करता येईल का?" येत असेल तर काय, केव्हा, कोणी, ते लिहायचं. फी भरायची राहिली, उद्या अकराला भरते. झालं, ती काळजी घेतली. करता येण्यासारखं नसेल, नुसतंच "असं झालं तर? तसं झालं तर?" असेल, तर तिथेच सोडून उठायचं. पहिल्या आठवड्यात अर्धा तास पुरेना. तिसऱ्या आठवड्यात दहा मिनिटांत मी जांभया देऊ लागले. सकाळी डोंगराएवढी वाटलेली गोष्ट संध्याकाळी चिठ्ठीवर वाचली की कधी कधी आठवतही नसे.

चौथी गोष्ट सगळ्यात अवघड. फोन कमी करणं. मला वाटे, फोन केला की भीती जाते. जाते, पण पाच मिनिटांपुरती. आणि मन शिकतं की फोन केला म्हणूनच सगळं ठीक राहिलं. कॅनडातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखवलं की अशा माणसांना संकटापेक्षाही "माहीत नसणं" जास्त सोसत नाही. तेव्हा "माहीत नाही" सोसायची सवय करायची, पायरी पायरीने. आधी पंधरा मिनिटं थांबून फोन. मग अर्धा तास. मग ठरवलेल्या वेळेपर्यंत फोन नाहीच. पहिल्या दिवशी ती पंधरा मिनिटं मी भाकरीच्या पिठाचा गोळा मळत काढली. इतकं मऊ पीठ पुन्हा कधी जमलं नाही! पण भीती चढली, थांबली आणि हळूहळू आपोआप उतरली. ती आपोआप उतरते, हे मला पस्तीस वर्षांत माहीत नव्हतं, कारण मी तिला कधी उतरू दिलंच नव्हतं.

यात घरच्यांचीही मदत लागते. आमच्या यांना बाईंनी सांगितलं, "त्या दहादा विचारतील, सगळं ठीक आहे ना? एकदा उत्तर द्या. पुन्हा विचारलं तर प्रेमाने म्हणा, वहीत बघ." हे पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी दोन दिवस अबोला धरला होता. आता आमच्या घरात "वहीत बघ" ही म्हणच झाली आहे.

याच्या जोडीला अंग सैल सोडण्याचा व्यायाम असतो. एकेक अवयव पाच सेकंद घट्ट आवळायचा आणि सोडून द्यायचा. मुठी, खांदे, जबडा, पोट, पाय. दुपारनंतरचा चहा मी बंद केला, त्याने झोपेला फरक पडला.

आता सावधगिरीच्या चार गोष्टी. छातीत दुखलं, धाप लागली तर मनाचंच असेल म्हणून घरी बसू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. काहींना या उपचाराबरोबर गोळ्याही लागतात. त्यात कमीपणा नाही. त्या चालू असतील तर शेजारणीच्या सांगण्यावरून किंवा हा लेख वाचून बंद करू नका. मला लागल्या नाहीत, म्हणून तुम्हाला लागणार नाहीत असं नाही. वही घरी सुरू करता येते, पण झोप, जेवण, नोकरी, माणसं यांवर परिणाम होत असेल तर शिकलेल्या माणसाची मदत घ्याच. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस नावाची फोनसेवा सुरू केली आहे. १४४१६ हा नंबर फिरवायचा. पैसे पडत नाहीत, दिवसरात्र केव्हाही बोलता येतं, मराठीतही. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर मात्र अजिबात थांबू नका. त्याच घडीला घरात कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या.

मी पूर्ण बरी झाले का? खरं सांगते, पावसाळ्यात नदी चढू लागली की पोटात अजून हलतं. मग मी दिवसातून दोनदा पातळी बघते, सकाळी आणि संध्याकाळी. कागदपत्रांची पिशवी तयार ठेवते. बाकी वेळ शाळा, स्वयंपाक, गप्पा. मधल्या काळात दोनदा जुन्या वळणावर घसरलेही. तेव्हा वही पुन्हा उघडली. वही कुठे पळून जात नाही.

आणि पन्हाळ्याची सहल? पुढच्या वर्षी पुन्हा निघाली. मुलाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "जा. डब्यात काय देऊ?" त्या दिवशी बस दीड तास उशिरा आली. मी पायरीवर बसून वहीत लिहिलं: भीती ७०. शाळेतल्या बाईंचा नंबर समोर होता, पण फिरवला नाही. मुलगा आला तो धुळीने माखलेला, डोळ्यांत झोप. जेवता जेवता म्हणाला, "सगळ्यांच्या आयांचे फोन येत होते. तुझा नाही आला."

"वाईट वाटलं का रे?"

"नाही," तो म्हणाला, "मला वाटलं, तू बरी आहेस."

पत्र लिहिणाऱ्या माझ्या मैत्रिणी, तुझ्या मुलीला क्लासहून यायला आजही पाच मिनिटं उशीर होईल. दाराशी उभी राहू नकोस. एक शंभर पानी वही घे, पहिल्या पानावर आजची तारीख घाल आणि लिहायला बस. महिन्याभराने मला पुन्हा पत्र पाठव. मी वाट बघीन. पण, बरं का, काळजी नाही करणार!